एका रेघेने खोडलेले आकडे

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा वेंडी पास्को; ज्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर हे सभागृह उभं आहे आणि ज्यांनी आत्ताच आपल्या सर्वांचं स्वागत केलं, त्या नूंगर ज्येष्ठ आंटी मर्ल; पर्थहून चार तास गाडी चालवत आलेले वनखात्याचे संचालकसाहेब; आजच्या सत्कारमूर्ती झोरा मारिंकोविच; आणि वॅरिंडपच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

वेंडीने मला सात मिनिटं दिली आहेत. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला उभं करून सात मिनिटं द्यायची म्हणजे उपाशी माणसाला चमचाभर भात वाढण्यासारखं आहे, पण ती अध्यक्षा आहे, मी नाही. मी जास्त बोललो तर तिने घंटा वाजवावी. मी ऐकेनच असं नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो. माझं नाव क्लेम हॅदरली. १९८३ पासून २०१० पर्यंत मी इथला विभागीय वनअधिकारी होतो. म्हणजे कागदोपत्री झोराचा साहेब. तिने मला कधी साहेब म्हटलं नाही, ही गोष्ट वेगळी. पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेत ते डग ओल्डरिज, आपल्या बंद पडलेल्या सॉ मिलचे मुख्य करवतवाले. दारातच मला म्हणाले, "मी फक्त चहासाठी आलोय, हॅदरली. भाषणासाठी नाही." डग, चहा भाषणानंतर आहे. ही व्यवस्था मुद्दामच केलेली दिसते.

तर झोरा. तिने एकोणचाळीस वर्षं नेमकं केलं काय? इथल्या जंगलात कॅरीच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीतल्या उंच झाडांचे, अकरा तुकडे आखलेले आहेत. आम्ही त्यांना प्लॉट म्हणतो. त्यात मिळून पाचशे ऐंशी झाडं. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर, आणि जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटरवर रंगाचा पट्टा. दर ऑक्टोबरात झोरा त्या पट्ट्यावर टेप गुंडाळायची आणि झाड किती जाड झालं ते वाचायची. बरोबरचा माणूस वहीत लिहायचा. झालं. चाळीस ऑक्टोबर. तुम्ही म्हणाल, यात सत्कार करण्यासारखं काय आहे? टेप तर शिंपीही गुंडाळतो. मीसुद्धा पूर्वी तसंच म्हणायचो.

ती पहिल्यांदा आली ती १९८६ साली. तिचे वडील खालच्या खोऱ्यात तंबाखू पिकवायचे, तिकडची बरीच क्रोएशियन कुटुंबं तेव्हा तेच करायची. तंबाखूची पानं भट्टीत वाळवायच्या काठ्यांपैकी एक काठी ती घेऊन आली होती, नेमकी एक मीटर तीस सेंटिमीटरला कापलेली. मी म्हटलं, "ही कशाला? खातं मोजपट्टी देतं." तर म्हणाली, "मिस्टर हॅदरली, खात्याची पट्टी मी काल बघितली. तिचं टोक चार मिलिमीटर झिजलंय. पट्टा चार मिलिमीटर खाली बसला तर माप कुठल्या झाडाचं?" मी म्हटलं, "त्याच झाडाचं." "पण त्या जागेचं नाही ना?" पहिल्या दिवशी! चोवीस वर्षांची पोरगी! मी तिला म्हटलं, मला मिस्टर म्हणू नकोस, क्लेम म्हण. मनात म्हटलं, ही आपल्याला म्हातारं करणार.

तिची एक शिस्त होती. आकडा ती मोठ्याने दोनदा वाचायची आणि लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मगच लिहायचा. लिहिणारा गप्प राहिला तर ती टेप सोडायची नाही. पाऊस पडो, मांडीवर गोचीड चढो. "मला ऐकू आलं नाही म्हणजे तू ऐकलं नाहीस," असं म्हणायची. आणि दुसरी शिस्त वहीची. ही तिची एकटीची नव्हे, आमच्या साऱ्या खात्याची. वहीत रबर चालत नाही. आकडा चुकला तर तो एकाच सरळ रेघेने खोडायचा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा लिहायचा आणि ज्याच्या सांगण्यावरून बदलला त्याची आद्याक्षरं टाकायची. गिरगटायचं नाही. माणसाने चूक केली हे दिसलं पाहिजे आणि कोणी केली हेही. नियम चांगला आहे. मीच नव्या भरती झालेल्यांना तो शिकवायचो.

हे जरा लक्षात ठेवा. मला त्यावर बोलायचं आहे.

आता तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं पुन्हा सांगतो, कारण संचालकसाहेब पर्थचे आहेत आणि पर्थमध्ये पाणी नळातून येतं. माझ्या तरुणपणी आपल्या पुलाखालचा ओढा वर्षाला नऊ महिने वाहायचा. आता पाच महिने वाहिला तरी लोक फोटो काढतात. मेमध्ये येणारा पाऊस जूनच्या शेवटी येतो, येतो तो अर्धामुर्धा, आणि उन्हाळा कधी संपला ते कळायला मार्ग नाही. कॅरीच्या झाडाला याचं काय? त्याचं पान म्हणजे त्याचं तोंड. हवा तापली, मुळाशी ओल नसली, की झाड पाणी वाचवण्यासाठी तोंड मिटून बसतं. तोंड मिटलं की खाणंही बंद. मग ते उभं असतं, हिरवं दिसतं, पाहुण्यांना आवडतं, पण वाढत नाही. झोराच्या पहिल्या वह्यांत एकेक झाड वर्षाला पाच-सहा मिलिमीटर भरायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते दोन-तीनवर आलं. हे तिने मला दरवर्षी सांगितलं. मी दरवर्षी म्हटलं, "एखादं वर्ष असतं तसं."

मग २००१ चा ऑक्टोबर आला. त्याआधीचा हिवाळा, म्हणजे आपला पावसाळाच, कोरडा गेला होता. झोरा माझ्या ऑफिसात आली आणि तिने वही टेबलावर उघडून ठेवली. मी वाचलं. पाचशे ऐंशीपैकी सदतीस झाडं आदल्या वर्षापेक्षा बारीक भरली होती.

मी म्हटलं, "हे काय? झाड मागे जात नाही."

"सदतीस गेलीत."

"झोरा, माणूस रोडावतो. झाड रोडावत नाही. टेप तपासलास?"

"दोन टेप नेले होते. दुसऱ्यानेही तेच."

"मग साल गळली असेल." आता कॅरीची साल दर उन्हाळ्याच्या शेवटी सुटून पडते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. कारण अगदी तयार होतं, आणि खोटं वाटणार नाही असं होतं.

ती म्हणाली, "साल दरवर्षी गळते, क्लेम. गेल्या वर्षीही गळली होती. मी दरवर्षी गळून झाल्यावरच मोजते. मग झाड यंदाच बारीक का?"

पण माझ्याकडे आराखडा होता. पुढच्या दहा वर्षांत या जंगलातून किती लाकूड तोडायचं याचा आराखडा त्या महिन्यात पर्थला जायचा होता. तो मी केला होता, तीन वर्षं खपून. ज्या संगणकावर तो व्हायचा, तो उणे वाढ घेतच नसे. तांबडी चौकट दाखवायचा आणि थांबायचा. शिवाय पर्थहून आलेल्या एका विद्वानाने आमच्या डोक्यात भरलं होतं की हवेत कार्बन वाढलाय, तो झाडांना खतच आहे, जंगल उलट जोमाने वाढेल. मला ते फार पटलं होतं. सोयीचं ज्ञान लवकर पटतं. झोराला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या बाबांनी तंबाखूला खत घालून पाणी तोडलं असतं, तर पान जळलं असतं. तुमचा पाहुणा शेतावर कधी गेलाय का?"

मी तिला सांगितलं, ते सदतीस आकडे खोड आणि गेल्या वर्षीचे लिही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू सांगतोयस म्हणून लिहिते. पण आद्याक्षरं तुझी." मी म्हटलं, "टाक." तिथेच बसून तिने सदतीस रेघा मारल्या. पट्टी लावून, एकेक सरळ रेघ, आणि प्रत्येकीपुढे क्ले. हॅ., क्ले. हॅ. सदतीस वेळा. मी समोर चहा पीत होतो.

वेंडी, घंटेवरचा हात काढ. मी आत्ता कुठे विषयाला आलो आहे.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ही काही मी तुम्हाला नव्याने सांगायची गोष्ट नाही. दुसऱ्या वर्षी जी झाडं मागे गेली ती तर खोडलीच, पण जी वाढलीच नव्हती तीही मला संशयास्पद वाटू लागली. मी नियम केला: ज्या झाडाची वाढ शून्य, तिथे प्लॉटची सरासरी लिहायची. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा जंगल नव्हतं, आराखडा होता, आणि तो बरोबर असायलाच हवा होता. २००१ पासून २००९ पर्यंत नऊ वह्या. परवा मी मोजले. अकराशे सहा आकडे. झोराने प्रत्येक वेळी विरोध केला, तोंडी आणि लेखी, आणि प्रत्येक वेळी लिहिलं, कारण साहेब मी होतो. पण एकही आकडा तिने असा खोडला नाही की खालचा वाचता येणार नाही.

हे आज इथे का सांगतो आहे? निरोप समारंभात चांगलं बोलावं. शाल द्यावी, दोन विनोद करावेत, चहाला जावं. काय डग? "मुद्द्यावर ये" म्हणतोस? येतो. तुझ्याचपाशी येतो.

त्या आराखड्यावर विसंबून मिलने दुसरी पाळी सुरू केली. नवी करवत बसवली. तू त्या करवतीवर होतास आणि तिचा तुला अभिमान होता, मला आठवतं. गावजेवणात तू तिच्यावर भाषण ठोकलं होतंस. २००६-०७ पासून तूच म्हणायला लागलास की ओंडके बारीक येतायत, ट्रकवाले लांब लांब जातायत, कागदावरचं जंगल आहे तरी कुठे? तू माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटली होतीस. मी तुला काय सांगितलं? "मोजमाप झोराचं आहे, ती चुकत नाही." हे वाक्य खरं होतं, म्हणून ते जास्त वाईट होतं.

२०१० मध्ये मी निवृत्त झालो. वेळ बघा कशी साधली! आजवरचं सर्वात कोरडं वर्ष ते. माझ्यानंतर आलेल्या अधिकारी बाईंनी झोराला सांगितलं, टेपवर जे येईल ते लिहा. तिने लिहिलं. आणि कागदावर नऊ वर्षं मी ज्या झाडांना काखेत हात घालून उभं धरलं होतं, ती सगळी एका ऑक्टोबरात खाली बसली. वह्यांवरून दफ्तरात उतरवलेले तक्ते शेजारी ठेवून पाहिले तर असं दिसायचं की २००९ पर्यंत जंगल ठणठणीत आणि २०१० ला एकदम आजारी. कोणाला शंका येणार नाही? लोक म्हणाले, जंगल काही एका वर्षात वाळत नाही, झोराच्या टेपमध्येच खोट आहे. कोणी म्हणालं, तिला मिल नकोच होती, ती झाडं वाचवणाऱ्यांची माणूस. तोड निम्म्यावर आणली गेली. दोन वर्षांत मिल बंद पडली. अडुसष्ट माणसं.

मला बेकरीतला प्रसंग आठवतो. मी पाव घ्यायला रांगेत होतो, झोरा माझ्यापुढे दोन माणसं सोडून. मागून कोणीतरी म्हणालं, नाव घेत नाही, तो माणूस इथे आहे, "काय गं, टेप जरा सैल धरला असतास तर काय बिघडलं असतं? माझं घर राहिलं असतं." ती वळली. माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मग पाव घेऊन गेली. मी त्या माणसाला काहीही बोललो नाही. मी माझ्यासाठी सहा बन घेतले.

आणि शो. आपल्या वार्षिक शोमध्ये, त्या शेतकी मेळ्यात, लाकूडतोडीची स्पर्धा असते, आणि सगळ्यांचे ओंडके सारख्या जाडीचे आहेत की नाहीत हे बघायला मापारी लागतो. बावीस वर्षं तो मापारी झोरा होती. केसाइतका फरक असला तरी ती ओंडका बाद करायची आणि हरणारा गडीसुद्धा तिच्या मापावर हरकत घ्यायचा नाही. मिल बंद पडली त्या वर्षी शोच्या समितीने तिला कळवलं की यंदा तुमची गरज नाही. ते पत्र कोणाच्या सहीचं होतं? समितीचा अध्यक्ष मी होतो, मित्रांनो. मी लिहिलं, "आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार." झोरा, तू बोटांशी चाळा करू नकोस. इथे घाबरायचं काम माझं आहे.

आता थोडं त्या कागदाबद्दल. ते अकराशे सहा आकडे आजही खात्याच्या दफ्तरात मी बदललेल्या रूपातच आहेत. देशोदेशीचे अभ्यासक ते वापरतात. कॅरीचं जंगल तापत्या हवेत कसं वाढतं, या प्रश्नाला त्या नऊ वर्षांचं उत्तर म्हणून माझा खोटेपणा दिला जातो. खोडलेले आकडे परत लावायचे तर ज्याच्या आद्याक्षरांनी ते बदलले त्याची सही लागते. नियमच तसा आहे. तो अधिकारी मेला किंवा सापडेना, तर मूळ आकडेही संशयित धरून ती नऊ वर्षंच वगळायची. एक पानी कागद आहे. झोराने तो २०११ मध्ये पहिल्यांदा माझ्याकडे आणला. मी म्हटलं, "ठेव, बघतो."

ती दर ऑक्टोबरात मोजणी संपली की माझ्या दारात यायची. एका हातात तो कागद, दुसऱ्या हातात तिच्या आईच्या पद्धतीच्या भाजलेल्या मिरच्यांची बरणी. कधी भांडली नाही. "क्लेम, सही झाली का?" "बघतो." "बरणी धुऊन परत दे." चौदा वर्षं. मी मिरच्या खाल्ल्या, बरण्या धुऊन परत दिल्या. कागद कपाटात साठत गेले. मी स्वतःला सांगायचो, आता काय उपयोग? मिल काही परत उघडणार नाही. आता तर सरकारने देशी जंगलातली तोडच थांबवली. कशाला जुनी मढी उकरायची? आणि खरं कारण सांगू? त्या कागदावर एक ओळ आहे: "आकडे बदलण्याचं कारण." तिथे मला काय लिहायचं ते सुचत नव्हतं. साल गळली, असं पुन्हा लिहायची हिंमत होईना आणि दुसरं लिहायची लाज वाटायची.

गेल्या महिन्यात झोराची शेवटची मोजणी होती. तिच्या बरोबरचा लिहिणारा तापाने झोपला. सकाळी तिचा फोन आला. "क्लेम, तुला अजून लिहिता येतं ना? सात नंबरच्या प्लॉटला ये." मी गेलो. गुडघा दुखत होता, पण गेलो. सोळा वर्षांनी त्या प्लॉटमध्ये पाय ठेवला. वर बघितलं. एके काळी तिथे दुपारी सावली इतकी गर्द असायची की नेचे माणसाच्या छातीला लागायचे. आता शेंड्यांमधून आभाळ दिसत होतं, आणि खाली वाळलेल्या सालीचा कचरा कुडकुड वाजत होता.

तेवीस नंबरच्या झाडापाशी तिने टेप गुंडाळला. हे झाड मला पाठ होतं. २००० साली एकसष्ट पॉइंट चार सेंटिमीटर. तिने वाचलं, "साठ पॉइंट नऊ." मग पुन्हा, "साठ पॉइंट नऊ."

मी पेन्सिल धरून उभा. आता मी तो आकडा मोठ्याने म्हणायचा होता. तोंड उघडेना हो. पंचवीस वर्षांत ते झाड वाढायचं सोडून अर्धा सेंटिमीटर आत गेलं होतं आणि मी ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. झोराने टेप सोडला नाही. हात वर केलेला, त्रेसष्ट वर्षांची बाई, खांदा दुखतो तिचा. म्हणाली, "म्हण की, क्लेम. मला ऐकू आलं नाही."

"साठ पॉइंट नऊ," मी म्हटलं.

"लिही मग."

मी लिहिलं. त्या दिवशी आम्ही बावन्न झाडं मोजली. एकोणीस मागे गेलेली. एकोणीस वेळा मी म्हटलं. संध्याकाळी गाडीपाशी तिने डबा उघडला, आम्ही पाव-मिरच्या खाल्ल्या, तिने सहीचं नाव काढलं नाही. मी विचारलं, "यंदा कागद नाही आणलास?" म्हणाली, "आता निवृत्त होतेय ना. चौदा तुझ्याकडे आहेत. पंधरावा कशाला वाया घालवू?"

संचालकसाहेब, तिच्या जागी जी कोणी व्यक्ती येईल, ती दफ्तरातले ते तक्ते उघडेल. तिला त्या नऊ वर्षांत हिरवंगार जंगल दिसेल आणि पुढे एकदम वाळवंट. ती म्हणेल, या झोरा मारिंकोविचला मोजता येत नव्हतं. गाव तर म्हणतंच आलं आहे. आणि ते खोटं आहे हे सांगणारी माणसं जगात दोनच, त्यातली ही स्वतःबद्दल सांगणार नाही.

म्हणून आज सकाळी मी सही केली. कागद संचालकसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आहे, त्या फुलदाणीखाली. कारणाच्या ओळीत मी लिहिलं आहे: मोजमाप बरोबर होतं, ते मला नको होतं.

डग, बस. तू उभा का राहिलास ते मला कळतंय, पण आधी मला पुरं करू दे, नंतर बाहेर काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. तुम्ही विचाराल, खरे आकडे २००१ मध्ये गेले असते तर मिल वाचली असती का? मला माहीत नाही. दुसरी पाळी निघाली नसती एवढं नक्की. नवी करवत आली नसती. तोड हळूहळू कमी करता आली असती, माणसांना दुसरं काम शोधायला दहा वर्षं मिळाली असती; दोन मिळाली. ती आठ वर्षं मी खाल्ली. झोराच्या टेपने मिल बंद पडली नाही. तो टेप तुम्हाला नऊ वर्षं हाक मारत होता आणि मी मध्ये दार लावून बसलो होतो.

मला एक विनंती करायची आहे, आणि ती शोच्या नव्या समितीला आहे. पुढच्या शोला मापारी कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवाल. माझा सल्ला मागू नका, माझा सल्ला गावाने पुष्कळ ऐकला.

झोरा, तुझं कौतुक मी काय करू? तू हुशार आहेस, मेहनती आहेस, हे सगळे म्हणतील. मी एवढंच म्हणतो, की तुला मी चुकीचं लिहायला लावलं आणि तू ते असं लिहिलंस की खरं खाली वाचता यावं. गावाने तुला बोल लावले तेव्हा तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. मला कित्येकदा वाटायचं, हिने घ्यावं एकदाचं, म्हणजे मी सुटलो. तू सोडवलं नाहीस. बरं केलंस. मला तुझी क्षमा मागायची आहे आणि ती सगळ्यांसमोर मागायची होती, कारण तुझं नाव सगळ्यांसमोरच गेलं होतं. मी चुकलो, झोरा. मला फार लाज वाटते.

आता आभार. वेंडीचे, तिने घंटा वाजवली नाही. आंटी मर्ल यांचे. मघाशी स्वागत करताना त्या म्हणाल्या की ओढा आटतोय हे त्यांच्या माणसांनी आम्हाला कधीच सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नाही. आंटी, खरं आहे. संचालकसाहेबांचे, ते आमच्यासाठी आले. महिला मंडळाच्या भगिनींचे, त्यांचे चहाबरोबरचे स्कोन थंड होत आहेत. आणि तुम्हा सर्वांचे, तुम्ही ऐकून घेतलंत. जे उठून गेले त्यांचेही. त्यांनी निदान एवढं तरी ऐकलं.

बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं-अधिक झालं असेल, तर या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. पण त्या अकराशे सहा आकड्यांबद्दल मला सांभाळून घेऊ नका. सांभाळून घेण्याचं काम मी नऊ वर्षं केलं, आणि त्याचा भार हिने वाहिला.